शिष्यवृत्ती : मिळविणे आणि टिकविणे

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीवर शिकले, हे आपल्या समाजातील लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या शिष्यवृत्तीला अटी होत्या आणि मुदत होती, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली, तेव्हा शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला. पुढे मुदत संपली आणि १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तथापि चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी तेथून निघण्यापूर्वीच मिळवून ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, मित्राकडून कर्ज घेतले, राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ती परवानगी आधी घेऊन ठेवलेली नसती, तर साठविलेल्या पैशाचाही काही उपयोग झाला नसता.

ही हकिकत येथे सांगण्याचे कारण असे की, बुद्धी आणि गुण यांच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळते, पण ती टिकविण्यास कागद, मुदत आणि परवानगी यांचे भान लागते. आम्ही बँकेत कारकून आहोत. शिष्यवृत्ती जमा झाली का, हे विचारायला येणारी मुले-मुली वर्षभर आमच्या खिडकीपुढे उभी असतात. त्यांतील गुण कमी पडल्यामुळे शिष्यवृत्ती गेलेले विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटले. बहुतेकांची शिष्यवृत्ती गेली ती अर्ज नूतनीकरण न केल्यामुळे, हजेरी कमी भरल्यामुळे, दाखला वेळेत न मिळाल्यामुळे किंवा खाते बंद पडल्यामुळे. अशा वेळी घरची माणसे 'सरकारने दिली नाही' असे म्हणतात आणि मुलगा गवंड्याच्या हाताखाली नाही तर औद्योगिक वसाहतीत जाऊ लागतो. तो परत कॉलेजात येईलच असे नाही. म्हणून प्रस्तुत लेखात योजनांच्या स्तुतीपेक्षा त्या हातातून निसटतात कशा, याविषयी अधिक लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम योजनांची ओळख. आपली मुले जिला 'जीओआय' म्हणतात ती भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी. तिची सुरुवात १९४४ सालची. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली ती त्यांच्या प्रयत्नांमुळे. आज आपण भरतो तो अर्ज त्याच झाडाची फांदी आहे. ही शिष्यवृत्ती गुणांच्या टक्केवारीवर मिळत नाही. जात, पालकांचे उत्पन्न आणि मान्य अभ्यासक्रमातील प्रवेश या तीन गोष्टींवर मिळते. उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. २०२०-२१ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांत निर्वाहभत्त्याचे चार गट केले गेले. अकरावी, बारावी, आयटीआय अशा पदवीपूर्व शिक्षणासाठी वर्षाला घरून जाणाऱ्यास २,५०० व वसतिगृहात राहणाऱ्यास ४,००० रुपये. बी.ए., बी.कॉम., एम.ए. अशा साध्या पदव्यांसाठी ३,००० व ६,००० रुपये. वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा वरच्या गटास ७,००० व १३,५०० रुपये. शिकवणी फी, परीक्षा फी हे वेगळे. दर आणि मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, तेव्हा त्या वर्षाची सूचना पाहूनच अर्ज करावा.

गुणवत्तेची म्हणून जी आहे ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती. दहावीला ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास अकरावी व बारावी अशी दोन वर्षे ती मिळते. महिन्याला ३०० रुपये, दहा महिने, म्हणजे वर्षाचे ३,०००. हिला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट नोकरदार पालकांना अनेकदा ठाऊकच नसते. 'आपला पगार जास्त, आपल्याला काय मिळणार' असे म्हणून ते अर्जच भरत नाहीत. शिक्षक, एस.टी. कर्मचारी, नगरपालिकेतील व बँकेतील नोकर यांनी हे ध्यानात घ्यावे. ३०० रुपयांत आज कोल्हापुरात आठ दिवसांची खानावळही होत नाही, हे खरे. दर वाढविण्याची मागणी समाजातून झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु सोळा वर्षांच्या मुलीच्या खात्यात तिच्या स्वतःच्या गुणांबद्दल शासनाची रक्कम जमा होते, त्याचे मोल तीन हजारांहून जास्त आहे.

नावाचा घोटाळा मात्र फार होतो. शाहू महाराजांच्या नावाने राज्यात एकाहून अधिक योजना आहेत. वर सांगितलेली एक. शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही दुसरी, ती खुल्या वर्गातील आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी असून तिलाच पूर्वी 'ईबीसी' म्हणत. परदेशी शिक्षणाची तिसरी. महाडीबीटी पोर्टलवर नावे एकाखाली एक येतात आणि घाईत भलत्याच योजनेवर बोट पडते. तसेच भारत सरकार शिष्यवृत्ती आणि शाहू गुणवत्ता शिष्यवृत्ती यांचे अर्ज स्वतंत्र आहेत. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप होत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. 'गुणवत्ता' हा शब्द आपल्याला ऐकवला जातो तेव्हा त्याचा इतिहासही ठाऊक असावा. पेशव्यांच्या काळी पुण्यात श्रावणमासी विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. विद्वान म्हणजे अर्थात ब्राह्मण. इंग्रजांनी तो निधी पुढे चालू ठेवला. त्यातील काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी खर्च करावा असा अर्ज १८४९ साली सुधारकांनी केला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कोणाचे गुण मोजायचे हेच मुळी त्या काळी जन्मावर ठरत होते. आपल्या करवीर नगरीत शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तर त्याचे गुण दिसतात, हे त्या राजाने ओळखले होते.

आता अर्जाची तयारी. सर्वांत जास्त अडचण जातीच्या दाखल्याची, आणि ती खास आपलीच अडचण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नव्हत्या, कारण १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश धर्माशी बांधलेला होता. महाराष्ट्र राज्याने १ मे १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने १९९० साली कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा त्यात समावेश झाला. म्हणून आपला दाखला वेगळ्या नमुन्यात असतो. अर्जदार अथवा त्याचे पूर्वज अमुक अनुसूचित जातीतून बौद्ध झाले, असे त्यात लिहिलेले असते. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असेल तर मूळ जात सिद्ध करण्यासाठी वडील, आजोबा किंवा चुलत आजोबा यांचा जुना पुरावा लागतो आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचेही दाखवावे लागते.

पुष्कळ स्वाभिमानी कुटुंबांनी साठ वर्षांपूर्वी शाळेत जातीचा उल्लेख करू दिला नाही. त्यांचे चुकले असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण आज नातीचा अर्ज अडतो तेव्हा पुरावा शोधावाच लागतो, आणि तो सापडतो. आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गावातील जन्ममृत्यूची नोंद म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते, आणि जमिनीचे जुने कागद यांत मूळ जातीची नोंद असते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीच्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. त्या वाचून देणारे जाणकार कोल्हापुरात आहेत, लिप्यंतर करून घ्यावे. एका भावाचा दाखला निघाला की चुलत भावंडांनीही त्याची नक्कल घेऊन ठेवावी. दरवेळी पुन्हा तहसीलदार कचेरीच्या पायऱ्या झिजविण्याचे कारण नाही. ज्यांना बारावीनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमास राखीव जागेवर जायचे आहे, त्यांना जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याचा अर्ज बारावीच्या निकालानंतर नव्हे, बारावीत असतानाच करावा. कोल्हापुरात विचारे माळावरील सामाजिक न्याय भवनात याची माहिती मिळते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा, सरपंचांचा नव्हे. तो सेतू केंद्रातून निघतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर सेतूपुढे रांग लागते आणि दाखला येईपर्यंत मुदत निघून जाते. म्हणून नवे आर्थिक वर्ष लागताच, एप्रिल-मे महिन्यांत हे काम उरकावे. लग्न झालेल्या मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत नोकरी नसलेल्या विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न धरलेले आहे. शिवाय लग्नानंतर आधार कार्डावर सासरचे नाव चढते, गुणपत्रिका माहेरच्या नावाने राहते, जातीचा दाखलाही माहेरचाच. मग नावे जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. पदवी पूर्ण होईपर्यंत आधारवरील नाव बदलू नये, असे आम्ही आमच्या परिचयातील मुलींना सांगत असतो. सासरच्यांना ते आवडत नाही. तरीही सांगतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांतील अनेक घरांतील कागदपत्रे भिजून गेली. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो की, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावेत आणि त्यांच्या प्रती डिजीलॉकरमध्ये तसेच घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवाव्यात.

अर्ज पोर्टलवर भरावा लागतो, हे आता सर्वांना माहीत झाले आहे. तो भरतो कोण, हा प्रश्न आहे. विद्यार्थी स्वतः न भरता सायबर कॅफेत जातो आणि कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाईल क्रमांक टाकून मोकळा होतो. युजर नाव आणि पासवर्ड त्याच्या वहीत राहतात. पुढच्या वर्षी कॅफे बंद झालेला असतो किंवा वही हरवलेली असते. मग दुसरे खाते उघडले जाते, एकाच विद्यार्थ्याच्या दोन नोंदी होतात आणि नूतनीकरणाचा अर्ज नवीन म्हणून जातो. बी.ए. दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या तरुणाला स्वतःचा पासवर्ड ठाऊक नसावा, याचे आम्हांस खरोखर नवल वाटते. फेसबुकचा सर्वांना पाठ असतो!

अर्ज सादर केला म्हणजे काम झाले, हा दुसरा गैरसमज. तो अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि तेथून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. कोणत्याही टप्प्यावर त्रुटी निघाली तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो आणि त्याची सूचना मोबाईलवर येते. ती न पाहिल्यास अर्ज तेथेच पडून राहतो आणि वर्ष सरते. दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती पाहावी. महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाशी ओळख ठेवावी, नम्रपणे विचारावे, पण विचारायला लाजू नये. आमच्या काळी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर यादी लागत असे आणि नाव नसले की चारचौघांत कळत असे. आता ते फक्त पडद्यावर दिसते, म्हणून ज्याचे त्याने पाहावे लागते.

टिकविण्याच्या अटींपैकी हजेरीची अट सर्वांत दुर्लक्षित आहे. शिष्यवृत्तीधारकाची हजेरी ७५ टक्के असावी लागते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या बाजूंनी एस.टी.ने येणारी मुले पावसाळ्यात कित्येक दिवस येऊ शकत नाहीत. काही मुले रात्रपाळीस शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथे कामाला जातात आणि सकाळच्या तासाला त्यांना झोप आवरत नाही. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. परंतु अट सर्वांना सारखीच आहे. आजारपण असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात कार्यालयात द्यावे, वर्षाच्या शेवटी दिलेले प्रमाणपत्र कोणी फारसे मनावर घेत नाही.

नापास होण्याविषयी मुलांच्या मनात जी भीती असते ती पूर्ण खरी नाही, पूर्ण खोटीही नाही. नूतनीकरणाचे मूळ तत्त्व असे की विद्यार्थी पुढच्या वर्गात गेला पाहिजे. पहिल्या अपयशाकडे योजना काहीशी सहानुभूतीने पाहते, पुन्हा अपयश आल्यास मात्र निर्वाहभत्ता बंद होतो. म्हणून एकदा नापास झालेल्याने 'आता काय, सगळे गेले' म्हणून कॉलेज सोडणे हा वेडेपणा होय. त्याने प्रथम कार्यालयात जाऊन आपली नेमकी स्थिती विचारावी. अभ्यासक्रम मध्येच बदलणे त्याहून घातक ठरते. एक वर्ष बी.एस्सी. केले, जमले नाही, दुसऱ्या वर्षी डिप्लोमाला गेला, असे करणाऱ्याची मधल्या वर्षाची गणती बिघडते. बदल करण्यापूर्वी विचारावे, केल्यानंतर नव्हे. तसेच व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊन नंतर शिष्यवृत्तीची आशा करणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते.

आता आमच्या खात्यातील विषय, म्हणजे बँकेचे खाते. यावर जरा विस्ताराने लिहितो, कारण येथे झालेला घोटाळा ना महाविद्यालयाला समजतो, ना समाजकल्याण कार्यालयाला.

शिष्यवृत्ती खाते क्रमांकावर नव्हे, आधार क्रमांकावर येते. एका आधार क्रमांकाशी कितीही खाती जोडलेली असली तरी शासनाची रक्कम त्यांतील एकाच बँकेत जाते. ती बँक कोणती, याची नोंद एका मध्यवर्ती यादीत असते. तुम्ही सर्वांत शेवटी ज्या बँकेला तशी संमती दिली, तिचे नाव त्या यादीत चढते. म्हणजे जुन्या बँकेत 'माझे आधार लिंक आहे' असे उत्तर मिळाले तरी पैसे भलतीकडे जाऊ शकतात. मोबाईलचे सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले आणि विद्यार्थ्याला त्याची गंधवार्ता नाही, असे प्रकार होतात. रक्कम तेथे जमा होते, मुलगा मात्र आमच्या खिडकीपुढे पासबुक घेऊन भांडत असतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्थिती' पाहता येते. अर्ज भरण्यापूर्वी ती पाहावी, बँकेचे नाव चुकीचे असेल तर आपल्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म नव्याने भरून द्यावा. यास पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट वयाची. दहावीच्या सुमारास उघडलेले खाते अज्ञान व्यक्तीचे असते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की नवी सही, नवा फोटो आणि केवायसी देऊन ते सज्ञान खात्यात बदलावे लागते. बारावी किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास नेमके हेच राहून जाते आणि खात्यातील व्यवहार थांबतात. तिसरी गोष्ट मर्यादेची. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेले 'छोटे खाते' असेल तर त्यात वर्षाला एक लाखाहून अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही. अभियांत्रिकीच्या मुलाची फी आली की ती मर्यादेला अडू शकते. पूर्ण केवायसी केली की मर्यादा उठते. आणखी एक, आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, पण पतसंस्था ही बँक नव्हे. तेथील खात्यावर शिष्यवृत्ती येत नाही.

दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते, हे खरे. परंतु रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे शिष्यवृत्तीसाठी शून्य शिल्लकीवर उघडलेली खाती या कारणाने निष्क्रिय ठरवायची नाहीत. तसेच निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंडही आकारायचा नाही. एखाद्या शाखेत कोणी वेगळे सांगितले तर या सूचनेचा उल्लेख नम्रपणे करावा, शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बँकेतील माणूस असूनही आम्ही हे सांगत आहोत! पण हक्क माहीत असलेला ग्राहक असला की आमचेही काम सोपे होते.

आता जमा झालेल्या रकमेविषयी. नव्या पद्धतीत भारत सरकार शिष्यवृत्तीतील केंद्राचा हिस्सा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात महाविद्यालयाच्या फीचा भागही असतो. ती फी सात दिवसांच्या आत महाविद्यालयात भरण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकलेली आहे. दोन्ही हिस्से एकाच वेळी येत नाहीत, त्यामुळे कोणती रक्कम कशाची हे घरात कोणालाच कळत नाही. खात्यात अचानक तीस-चाळीस हजार दिसले की घरातील अडलेली कामे डोळ्यापुढे उभी राहतात. बहिणीचे लग्न, बचत गटाचा हप्ता, गळणारे छप्पर. गरिबाच्या घरात पैसा आला आणि तो थांबला, असे कधी होत नाही, हे आम्ही जाणतो. पण वर्षाच्या शेवटी महाविद्यालय थकबाकी दाखवते, दाखला किंवा गुणपत्रिका अडते आणि पुढचा प्रवेश रखडतो. म्हणून रक्कम येताच पोर्टलवरील तपशील पाहून फी किती व निर्वाहभत्ता किती हे वेगळे करावे. फी भरून पावती घ्यावी, उरलेले घरच्यांनी हक्काने खर्चावे.

पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप आहे. तीत शिकवणी फी व परीक्षा फी माफ होते, निर्वाहभत्ता मिळत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिला गुणांची व उत्पन्नाची अट असून तिचीही चौकशी वरील कार्यालयातच करावी.

बारावीला उत्तम गुण मिळविणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन गुणवत्ता शिष्यवृत्तीचाही विचार करावा. आपल्या मंडळाच्या परीक्षेत, आपल्या शाखेतील उत्तीर्णांत जे वरच्या वीस टक्क्यांत येतात आणि ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्यांना ती मिळू शकते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांस दरसाल १२,००० आणि पदव्युत्तर शिक्षणास २०,००० रुपये. अर्ज महाडीबीटीवर नव्हे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. देशभरात वर्षाला ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असून प्रत्येक राज्याचा वाटा ठरलेला असतो, त्यातील निम्म्या मुलींसाठी आहेत आणि अनुसूचित जातींना १५ टक्के राखीव आहेत. टिकविण्याची अट कडक आहे : दरवर्षी किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी. ही घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. म्हणून ज्यांची फी मोठी आहे त्यांनी भारत सरकार शिष्यवृत्ती सोडून हिच्या मागे लागू नये. ज्यांच्या पालकांचे उत्पन्न अडीच लाख ते साडेचार लाख यांच्या दरम्यान आहे आणि मुलगी साध्या बी.ए. किंवा बी.एस्सी.ला आहे, तिला ही अधिक फायद्याची. दोन्हींचा हिशेब कागदावर मांडून मगच ठरवावे.

आपल्या वस्तीत दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, नारळ, फोटो, भाषणे. तो व्हावाच. त्याच दिवशी व्यासपीठाच्या बाजूला एक टेबल मांडून त्या मुलांचे दाखले तपासले, आधारची स्थिती पाहिली आणि अर्जाची तारीख वहीत लिहून दिली, तर सत्कारावर होणाऱ्या खर्चात एक पैचीही भर पडणार नाही. ज्यांना कमी गुण मिळाले त्यांनाही त्या दिवशी बोलवावे, कारण भारत सरकार शिष्यवृत्तीला टक्केवारी लागत नाही आणि त्यांचे नाव व्यासपीठावरून कोणी पुकारत नाही. निवृत्त शिक्षक आणि कचेरीत काम केलेली दोन-तीन माणसे प्रत्येक वस्तीत असतात. रविवारी वंदनेनंतर विहारात ती एक तास बसली तरी पुष्कळ काम होईल. बँकेसंबंधीच्या अडचणी पाहण्यास आम्ही येऊ. विद्यार्थ्यांनी येताना आधार कार्ड, पासबुक, गेल्या वर्षीच्या अर्जाची प्रत आणि मोबाईल बरोबर आणावा. मोबाईल मात्र स्वतःचा हवा, कॅफेवाल्याचा नको.